देवक, मामंजी आणि मानवशास्त्र : साहित्याभ्यासकांसाठी काही मूलभूत संकल्पना

१

एम. ए.च्या लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत ‘देवक’ या विषयावर टीप लिहिण्यास सांगणारा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी येतो. त्याची उत्तरे तपासताना एकच विधान किंचित फेरफाराने पुनःपुन्हा समोर येते. देवक म्हणजे टोटेम होय. आदिम समाज स्वतःला एखाद्या प्राण्याचे अथवा वनस्पतीचे वंशज मानीत असे आणि त्या समजुतीचा आजवर टिकून राहिलेला अवशेष म्हणजे देवक. उत्तर बरोबर समजून आपण त्याला गुण देतो. मीही अनेक वर्षे देत आलो.

काही वर्षांपूर्वी अंतर्गत परीक्षेच्या अशाच एका उत्तरपत्रिकेशी मी थबकलो. ती लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या थोरल्या भावाच्या लग्नाला मी महिन्यापूर्वीच जाऊन आलो होतो. मारुतीच्या देवळातून वाजतगाजत आणलेले देवक, मुहूर्तमेढीला बांधलेली कळंबाची डहाळी, ती बांधताना चुलत्यांनी घेतलेली काळजी हे सारे मी पाहिले होते. विद्यार्थ्याला बोलावून विचारले, ‘तुमच्या घरी कोणी असे म्हणते का, की आपण कळंबाच्या झाडापासून जन्मलो?’ तो म्हणाला, ‘नाही सर. असे कोणी म्हणत नाही. पण टिपणात तसे होते.’

टिपण माझेच होते. मी ते एका अभ्यासमार्गदर्शकावरून केले होते. त्या मार्गदर्शकाने ते कोणत्या तरी जुन्या ग्रंथावरून घेतले असावे. मागे मागे जात राहिलो तेव्हा ध्यानात आले की, वर्गात आपण ज्याला मानवशास्त्रीय दृष्टी म्हणून सांगतो ते प्रत्यक्षात १९१०च्या आसपासचे मानवशास्त्र आहे आणि त्या शास्त्राने ते स्वतःच केव्हाच मागे टाकले आहे. आपल्या घरातल्या चालत्या विधीकडे ‘आदिम अवशेष’ म्हणून पाहायला आपण मुलांना शिकवतो, आणि तेही कालबाह्य सिद्धांताच्या आधारावर, ही जाणीव सुखावह नव्हती.

प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच आहे. लोकसाहित्य, ग्रामीण, दलित व आदिवासी साहित्य, आदिबंधात्मक समीक्षा, मिथकविचार असे मराठी साहित्याभ्यासाचे अनेक प्रांत मानवशास्त्राकडून शब्द उसने घेतात. ते शब्द घेताना त्यांच्यामागचे वाद मात्र आपण घेत नाही. या शास्त्रातील प्रत्येक महत्त्वाची संकल्पना ही आधीच्या एखाद्या चुकीची दुरुस्ती म्हणून घडली आहे. तो दुरुस्तीचा इतिहास गाळून संकल्पना वापरली, की जुनी चूक नव्या शब्दाच्या पाठीवर बसून परत येते, असे माझे प्रतिपादन आहे.

२

प्रथम नावाविषयी. मराठीत या शास्त्राला दोन नावे प्रचलित आहेत, ‘मानवशास्त्र’ आणि ‘मानववंशशास्त्र’. मूळ ग्रीक घटकांचा अर्थ मनुष्याविषयीचे शास्त्र एवढाच आहे. त्यात वंश कोठेही नाही. एकोणिसाव्या शतकात माणसांचे वंश पाडणे आणि त्यांची प्रतवारी लावणे हा या शास्त्राचा एक मोठा उद्योग होता, त्याची खूण दुसऱ्या नावात राहून गेली आहे. शास्त्राने वंशाची संकल्पना बव्हंशी टाकली. मराठी नावाने ती जपून ठेवली. म्हणून या लेखात सर्वत्र ‘मानवशास्त्र’ हाच शब्द वापरला आहे.

मनुष्याचा अभ्यास इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र ही शास्त्रेही करतात. मानवशास्त्राचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे. एक, ते मनुष्याला शरीरधारी प्राणी आणि संस्कृतिधारी प्राणी अशा दोन्ही रूपांत एकत्र पाहते. दोन, ते सर्व काळांतील आणि सर्व स्थळांतील समाज तुलनेच्या कक्षेत घेते. ग्रंथ असलेल्या समाजाला ग्रंथ नसलेल्या समाजाहून अधिक मान देत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला हा दुसरा मुद्दा विशेष जड जातो, कारण आपला सारा व्यवहार लिखित संहितेभोवती उभा आहे.

शास्त्राच्या चार शाखा मानण्याची प्रथा मुख्यतः अमेरिकेतील. फ्रान्झ बोआस (१८५८–१९४२) यांनी कोलंबिया विद्यापीठात ती रुजवली. शारीरिक मानवशास्त्र, ज्याला आता जैविक मानवशास्त्र म्हणतात, पुरातत्त्व, भाषिक मानवशास्त्र, आणि सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र. ब्रिटनमध्ये सामाजिक मानवशास्त्र बरेचसे स्वतंत्र वाढले. आपल्याकडे दोन्ही वळणे मिसळली. १८८६ मध्ये मुंबईत ‘अँथ्रॉपॉलॉजिकल सोसायटी’ स्थापन झाली. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गो. स. घुर्ये यांच्या काळात तेथे समाजशास्त्र व मानवशास्त्र यांच्यात फारशी भिंत राहिली नाही. पुण्यातील डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उभे राहिले, तेव्हा भाषाशास्त्र, पुरातत्त्व आणि समाजशास्त्र-मानवशास्त्र ही तिन्ही एका छपराखाली आली.

तिथे काम केलेल्या इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांच्या लेखनाकडे पाहिले तर या शाखा म्हणजे विद्यापीठीय सोयीसाठी आखलेल्या रेषा आहेत हे उमगते. त्यांचा १९३०चा बर्लिनमधील प्रबंध मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेवर होता. वि. म. दांडेकरांच्या सहकार्याने त्यांनी महाराष्ट्रातील समाजगटांची शरीरमापने १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. ह. धी. सांकळियांबरोबर गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात त्या होत्या. आप्तसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३चा. आणि ‘युगान्त’ १९६७चे. आपण मराठीचे लोक त्यांतील शेवटचे तेवढे वाचतो आणि त्याला ललित म्हणतो. ‘युगान्ता’तील माणसे ज्या नात्यांच्या जाळ्यात वावरतात ते जाळे लेखिकेने पूर्वी वर्षानुवर्षे खेडोपाडी जाऊन तपासलेले होते, ही बाब आपल्या अध्यापनात सहसा येत नाही.

३

‘संस्कृती’ ही मानवशास्त्राची मध्यवर्ती संकल्पना. ई. बी. टायलर यांनी १८७१ मध्ये तिची जी व्याख्या केली तीत ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणूस जे जे आत्मसात करतो ते सारे अंतर्भूत होते. पुढे १९५२ मध्ये क्रोबर आणि क्लकहोन यांनी संस्कृतीच्या व्याख्या गोळा केल्या तेव्हा त्या दीडशेहून अधिक भरल्या. व्याख्यांच्या या जंगलात शिरण्याचे कारण नाही. सर्वांत समान असे सूत्र एकच आहे : संस्कृती जन्माने येत नाही, ती शिकली जाते, आणि ती एकट्याची नसते, गटाची असते.

मराठीत अडचण होते ती शब्दाच्या छटेमुळे. संस्कार, सुसंस्कृत, असंस्कृत या शब्दांच्या शेजारी राहून ‘संस्कृती’ या शब्दाला मूल्याचा वास लागला आहे. महाविद्यालयातील ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणजे नाचगाणे. ‘आपली संस्कृती’ म्हणजे आपल्याला अभिमान वाटावा अशी निवडक यादी. मानवशास्त्राच्या अर्थाने भाकरी थापण्याची पद्धत, शिव्या, मयताच्या वेळी कोणी कोठे उभे राहावे याचे नियम, पाणवठ्यावरचा भेद हेही संस्कृतीच होय. या अर्थाने ‘असंस्कृत समाज’ हा शब्दप्रयोगच वदतोव्याघात ठरतो. इरावतीबाईंच्या ‘मराठी लोकांची संस्कृती’ या १९५१च्या ग्रंथाच्या शीर्षकातील शब्द शास्त्राच्या अर्थाने आहे. गौरवाच्या अपेक्षेने तो उघडणाऱ्या वाचकाचा थोडा हिरमोड होतो.

मात्र टायलर यांच्या संकल्पनेतही एक गाठ होती. त्यांच्या दृष्टीने संस्कृती एकवचनी होती. सारी मानवजात एकाच जिन्यावरून चढते आहे. कोणी खालच्या पायरीवर, कोणी वरच्या. वरच्या पायरीवरील समाजात खालच्या पायरीचे जे काही अर्थ हरवूनही उरले असेल त्याला त्यांनी ‘अवशेष’ म्हटले. आपल्या लोकसाहित्याच्या पुस्तकांत वारंवार येणारा ‘अवशेष’ हा शब्द त्यांच्याच घरचा. बोआस आणि त्यांच्या शिष्यांनी संस्कृती हा शब्द अनेकवचनी केला. प्रत्येक संस्कृतीला स्वतःचा इतिहास आहे, तिचे घटक तिच्या संदर्भातच समजून घ्यावे लागतात, आणि एक जिना कल्पून सर्वांना त्यावर उभे करणे म्हणजे स्वतःला वरच्या पायरीवर गृहीत धरणे होय, हा त्यांचा आक्षेप. यालाच सांस्कृतिक सापेक्षतावाद म्हणतात. त्याचा अर्थ ‘सर्व काही चालते’ असा विद्यार्थी हमखास लिहितात. तो तसा नाही. आधी समजून घ्या, निवाडा नंतर करा, एवढाच पद्धतीचा दंडक त्यात आहे. अस्पृश्यतेसारखी रूढी समजून घेणे म्हणजे तिला मान्यता देणे नव्हे.

४

शारीरिक शाखेविषयी साहित्याच्या अभ्यासकाला फार खोलात जाण्याची गरज नाही, परंतु एक गोष्ट माहीत हवी. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीचे मान काढून जातींची सामाजिक उतरंड वंशभेदावर उभी आहे असे मांडले. घुर्ये यांनी १९३२ मध्ये ही मापने पुन्हा तपासली आणि उत्तरेचा काही भाग सोडल्यास हा मेळ बसत नाही हे दाखवले. कर्वे आणखी पुढे गेल्या. महाराष्ट्रातील निरनिराळ्या कुंभार जाती एकाच मूळ जातीच्या फुटून झालेल्या शाखा आहेत, की मुळात वेगवेगळे असलेले आणि एक व्यवसाय करू लागलेले गट आहेत, हा प्रश्न त्यांनी मापनांच्या आधारे विचारला आणि दुसऱ्या पर्यायाकडे कौल दिला. आपल्या गुरूंशी, म्हणजे घुर्ये यांच्याशी, त्यांचा येथे स्पष्ट मतभेद होता. पुढे १९७२ मध्ये रिचर्ड लेवाँटिन यांनी मानवी अनुवंशिक विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग प्रत्येक लोकसमूहाच्या आतच आढळतो असे दाखवले, तेव्हा वंश ही जैविक वर्गवारी म्हणून फारशी उरली नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, आपल्या वाङ्मयेतिहासांतून आणि दैवतविचारातून ‘आर्य’ आणि ‘द्राविड’ हे शब्द अजूनही वंश म्हणून वावरतात. ती भाषाकुलांची नावे आहेत. भाषा शिकता येते, बदलता येते. रक्ताशी तिचे लग्न लागलेले नसते.

भाषा कशी बदलते याचे उत्तम उदाहरण सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील आहे. तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या समाजांचा अभ्यास जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारामुळे या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की, एका भाषेतील वाक्याचे शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत रूपांतर होऊ शकावे. शब्द मात्र वेगळे राहिले, कारण घरातील भाषा ही त्या त्या समाजाची ओळख होती. शेजारधर्म व्याकरणात आणि भेद शब्दसंग्रहात. भाषिक मानवशास्त्र भाषेकडे कसे पाहते हे या एका गावावरून विद्यार्थ्यांना सांगता येते. बोलीतील कथा-कादंबऱ्या शिकवताना आपण शब्दांच्या अर्थसूचीवर थांबतो. वाक्यरचनेत कोणते शेजार आले आहेत ते पाहत नाही.

पुरातत्त्वाविषयी एक सावधगिरी. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ती वसाहत. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेले आढळले. मातीच्या एका लहान पेटीत एक स्त्रीमूर्ती मिळाली आणि पेटीवर दुसरी मस्तकहीन स्त्रीमूर्ती व बैल. ही मस्तकहीन मूर्ती दिसताच आपल्या मनात लज्जागौरी उभी राहते, रेणुकेचे छिन्न मस्तक उभे राहते. तुलना करण्यास हरकत नाही. परंतु साम्य म्हणजे सातत्य नव्हे. मधल्या हजार-दीड हजार वर्षांचा दुवा दाखवल्याशिवाय ‘ही परंपरा ताम्रपाषाण काळापासून अखंड चालत आली’ असे लिहिणे हे पुरातत्त्व नव्हे. ती आपली इच्छा आहे. दा. ध. कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरात पायी हिंडून देवींची ठाणी, जुन्या पायवाटा आणि सूक्ष्म दगडी हत्यारांची स्थळे यांचा मेळ घातला. त्यांचे सारेच निष्कर्ष आज मान्य होतील असे नाही. पण दुवा शोधण्यासाठी जमिनीवर उतरावे लागते, हे त्यांनी दाखवून दिले.

५

आप्तसंबंध हा मानवशास्त्राचा सर्वांत तांत्रिक आणि माझ्या मते साहित्याला सर्वांत उपयुक्त भाग. अमेरिकन विधिज्ञ ल्यूइस हेन्री मॉर्गन यांनी १८७१ मध्ये जगभरच्या नातेवाचक शब्दांचा प्रचंड संग्रह प्रसिद्ध केला आणि नात्यांचे शब्द ही नुसती नावे नसून एक व्यवस्था असते हे दाखवले. मराठीतलेच उदाहरण घेऊ.

जुन्या वळणाच्या घरात सून सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणते. ओव्यांतून, जुन्या कादंबऱ्यांतून हे शब्द शेकड्याने येतात आणि आपण ‘आदरार्थी संबोधन’ अशी टीप देऊन पुढे जातो. पण आदरासाठी नेमकी हीच नाती का? सासू ही आत्या असेल तर नवरा आतेभाऊ झाला. म्हणजे पुरुषाच्या बाजूने पाहता त्याने मामाची मुलगी केली. महाराष्ट्रातील अनेक जातींत हा विवाह केवळ संमतच नव्हे तर पसंतीचा होता. उलट, आत्याची मुलगी सून म्हणून आणणे मात्र बहुतेक ठिकाणी टाळले जाई. ज्या घरी मुलगी दिली त्याच घरून मुलगी उलट आणायची नाही, असा तो नेम. कर्वे यांनी भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार आप्तपट्टे कल्पून महाराष्ट्राला मध्यपट्ट्यात ठेवले, त्याला हाही एक आधार आहे : उत्तरेत मामे-आते भावंडांचे विवाह निषिद्ध, दक्षिणेत दोन्ही बाजूंनी संमत आणि आपल्याकडे एकाच बाजूने.

मग ‘मामंजी’चे काय? सासरा मामा असेल तर सुनेने मामाच्या मुलाशी लग्न केले असे होते, म्हणजे नेमका टाळला जाणारा विवाह! हा पेच वर्गात मांडला की विद्यार्थी हमखास जागे होतात. त्याची उकल त्यांच्याच घरात असते. मराठीत आत्याच्या नवऱ्यालाही अनेक घरांत ‘मामा’च म्हणतात. आत्याबाईंच्या घरी दिलेल्या मुलीचा सासरा हा आत्याचा नवरा असल्याने मामा, आणि आदराने मामंजी. पेच सुटला. मात्र आत्याचा नवरा आणि आईचा भाऊ यांना एकच शब्द का पडावा, हा पुढचा प्रश्न उरतोच. कधी काळी परस्परांच्या बहिणी करण्याची, म्हणजे साटेलोट्याची रीत असेल तर दोघे एकच ठरतात. येथे थांबावे हे बरे. शब्दावरून लुप्त विवाहप्रथा अनुमानणे हा मॉर्गन यांचाच मार्ग होता, आणि १९०९ मध्ये क्रोबर यांनी त्यावर हरकत घेतली की नातेवाचक शब्द प्रथमतः भाषेचे घटक आहेत, त्यांतून सरळ समाजरचना वाचता येत नाही. रिव्हर्स यांनी १९१४ मध्ये मॉर्गन यांची बाजू पुन्हा मांडली. वाद पूर्ण मिटलेला नाही. पण ‘मामंजी’ म्हणणाऱ्या, मामाच्या कुळाशी काही संबंध नसलेल्या नव्या सुनेला त्या एका शब्दाने परक्या घरात जुने नाते बहाल केले जाते, एवढे तरी सासुरवाशिणीच्या ओव्या शिकवताना सांगता येईल. आत्याच्या घरी आलेल्या भाचीला सासुरवास अधिक का बोचतो हेही त्यातून कळते.

६

आता देवकाकडे वळू. ‘टोटेम’ हा शब्द उत्तर अमेरिकेतील ओजिब्वा लोकांच्या भाषेतून आला. जॉन लाँग या व्यापाऱ्याने १७९१च्या प्रवासवर्णनात तो इंग्रजीत आणला. एका जमातीतला हा शब्द मॅक्लेनन यांनी १८६९-७० मध्ये जगभरच्या प्राणिपूजेला व वनस्पतिपूजेला लावला आणि मानवजातीच्या प्रगतीतील ती एक सार्वत्रिक पायरी ठरवली. जेम्स फ्रेझर यांनी १९१० मध्ये त्यावर चार खंड लिहिले. फ्रेझर यांची भुरळ साहित्याच्या माणसांना अधिक. एलियटच्या दीर्घकाव्याच्या टिपांतून तर ते आपल्या अभ्यासक्रमातच आले. पण फ्रेझर यांनी ज्यांच्याविषयी लिहिले त्या लोकांत जाऊन त्यांनी स्वतः कधी अभ्यास केला नाही. प्रश्नावल्या आणि मिशनऱ्यांची पत्रे ही त्यांची साधने. १९२० ते १९२२ या काळात एन्थोवेन यांचे मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवरील तीन खंड निघाले, तेव्हा देवकाला टोटेमच्या चौकटीत बसवणे ही त्या काळची सहज गोष्ट होती. तेथून ते विधान आपल्या मार्गदर्शकांत आणि माझ्या टिपणात आले.

गंमत अशी की, फ्रेझर यांचे खंड निघाले त्याच १९१० साली गोल्डनवायझर यांनी टोटेमवादाची चिरफाड केली होती. कुळांची विभागणी, कुळाला प्राण्याचे नाव, त्या प्राण्यापासून उत्पत्तीची समजूत, त्याचे मांस वर्ज्य असणे आणि कुळाबाहेर विवाह या गोष्टी सर्वत्र एकत्र आढळत नाहीत, हा त्यांचा आक्षेप. १९६२ मध्ये क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी हा प्रश्नच उलटा केला. माणसे आणि प्राणी यांच्यात साम्य कोणते हे विचारू नका. गरुड आणि अस्वल यांतील भेद वापरून माणसे आपापसांतील भेद कसा मांडतात ते पाहा.

या प्रकाशात देवकांची यादी पाहावी. कळंब, कमळ, हळद, मोरवेल, मोरपीस, सोने, तलवारीची धार. काही जातींत व्यवसायाचे हत्यार. यात प्राणी थोडे, वनस्पती पुष्कळ, आणि धातू व शस्त्रही आहेत. तलवारीच्या धारेपासून कोणी जन्मल्याचे सांगत नाही. वस्तूंत समान असे काही नाही. समान आहे ते त्यांचे काम, एक कूळ दुसऱ्यापासून ओळखू यावे आणि एकाच देवकाच्या दोन घरांत सोयरीक होऊ नये. बहिर्विवाहाची ती खूण आहे. लेव्ही-स्ट्रॉस यांची उपपत्ती येथे फ्रेझर यांच्यापेक्षा कितीतरी चांगली लागू पडते.

परंतु तीही सगळी पुरत नाही, हे मला त्या विद्यार्थ्याच्या घरी जाऊन बसल्यावर कळले. त्याच्या चुलत्यांनी सांगितले की त्यांच्या भावकीचे देवक कळंब, पण अलीकडे बरीच घरे ‘पंचपल्लव’ म्हणून मोकळी होतात आणि बाजारात पाच झाडांच्या डहाळ्यांची जुडी बांधून मिळते. सर्वांचेच देवक पंचपल्लव झाले तर भेद दाखवण्याचे काम संपले. ब्राह्मणांच्या घरी गोत्राने विवाहाचा निषेध ठरतो, देवकाने नव्हे. तरी लग्नमुंजीत देवक बसतेच. मग ते कशासाठी? चुलत्यांनी जे सांगितले ते मला कोणत्याही पुस्तकात ठळकपणे आढळले नव्हते, आणि माझ्या आजीला मात्र ठाऊक होते. देवक बसले की ते उठेपर्यंत घराला सोयरसुतक लागत नाही. म्हणजे देवक हे केवळ कुळाचे चिन्ह नाही. ते कार्याभोवती काळाचे एक कुंपण घालते. त्या कुंपणाच्या आत मृत्यूचा नियम तात्पुरता थांबतो. भावकीतील म्हाताऱ्यांनी देवक उठेपर्यंत तब्येत सांभाळावी, अशी थट्टाही त्या मांडवात ऐकली.

कुळाचे चिन्ह म्हणून देवक क्षीण होत असताना काळाचे कुंपण म्हणून ते टिकून आहे. ‘अवशेष’ हा शब्द येथे निरुपयोगी आहे, कारण अवशेषाला काम नसते आणि याला आहे.

७

हे कळले ते जाऊन बसल्यामुळे. क्षेत्रकार्य ही मानवशास्त्राची खरी देणगी आहे. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी १९१५ ते १९१८ या काळात ट्रोब्रिआंड बेटांवर दीर्घ मुक्काम केला, तेथील भाषा शिकली आणि १९२२च्या ग्रंथात सहभागी निरीक्षणाची पद्धत उभी केली. मृत्यूनंतर, १९६७ मध्ये, त्यांची खासगी रोजनिशी प्रसिद्ध झाली. त्या लोकांविषयीची चीड आणि तुच्छता तिच्यात नोंदलेली पाहून शास्त्राला धक्का बसला. वर्णन करणारा कोण, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येईनासा झाला.

मराठी साहित्याला तो प्रश्न अधिक जवळचा आहे. १८७१च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि अधिकाऱ्यांच्या जातिवर्णनांनी त्याला शास्त्राचा आधार पुरवला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; वर्णने ग्रंथालयांत राहिली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८०चे, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७चे. ज्यांची वर्णने लिहिली गेली त्यांच्यातूनच वर्णन करणारे उभे राहिले. ही आत्मकथने समाजदर्शनाची साधने म्हणून वाचण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ‘या कृतीतून अमुक जमातीच्या चालीरीतींचे दर्शन घडते’ असे आपण लिहितो, आणि न कळत लेखकाला पुन्हा माहिती देणाऱ्याच्या जागी बसवतो. तो निरीक्षक आहे, जमातीचा आणि तिच्या वर्णनकारांचाही, हे ध्यानात घेतल्यास त्याच्या निवेदनातील उपरोध, गाळलेल्या जागा आणि वाचकाला दिलेले टोमणे दिसू लागतात.

गेली काही वर्षे मी लोकसाहित्याच्या वर्गात देवकावरील टिपण देत नाही. विद्यार्थ्यांनी घरी चार प्रश्न विचारून यावे असे सांगतो : तुमचे देवक कोणते, ते कोण आणते, बसल्यापासून उठेपर्यंत काय करायचे नाही, आणि हे तुम्हाला कोणी सांगितले. चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा एखाद्या म्हाताऱ्या बाईचे असते. काहींच्या घरी देवक नसते. ते तसे लिहितात आणि त्यांच्याकडे त्या जागी काय असते तेही लिहितात. दोन-तीन मुली दरवर्षी लिहितात की माहेरचे देवक त्यांना ठाऊक आहे, पण लग्नानंतर ते आपले राहील की नाही हे घरात कोणालाच नीट सांगता आले नाही. विद्यापीठाची परीक्षा अर्थातच जुन्या पद्धतीची आहे आणि आदर्श उत्तरसूचीत ‘देवक म्हणजे टोटेम’ हेच उत्तर आहे. गेल्या वर्षी एका मुलीने तिच्या आजीचे उत्तर लिहिले. तिला दहापैकी चार गुण मिळाले.